बाबांची वाटी आणि पाइपातले ठोके

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी माझा नवरा ऑफिसच्या जिन्यात पडला. ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि तो गेल्याचं सांगितलं. मी घरी आले तेव्हा हीटिंग चालू होतं आणि अभ्यासाच्या खोलीतला रेडिएटर वाजत होता.

पाइपात कुणीतरी हातोडी घेऊन बसलंय असे ठोके असायचे. चाळीस-पन्नास ठोके सलग, मग जरा थांबून पुन्हा तेवढेच. हे सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. ऑक्टोबरात त्याने त्या खोलीतला जुना छोटा रेडिएटर काढून मोठा बसवला होता. डिसेंबरात त्याचे वडील येणार होते, त्यांना त्या खोलीत झोपायचं होतं आणि त्यांना थंडी सोसत नाही. जर्मनीत मेस्त्री मिळणं हे स्थळ जमवण्यापेक्षा अवघड, म्हणून त्याने व्हिडिओ बघून दोन दिवस खपून तो स्वतःच बसवला. मग ठोके सुरू झाले. मी म्हणायची, "अरे, हे बघ ना." तो म्हणायचा, "शनिवारी बघतो." असे तीन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी मी जरा जास्त बोलले. ते इथे लिहून ठेवते आणि पुढे जाते.

तो गेल्यावर त्या आवाजाबद्दल लोकांना फार मतं सुचली. महाराष्ट्र मंडळातल्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "अगं, तोच असेल. काहीतरी सांगायचं राहिलं असेल त्याचं." मी म्हटलं, "त्याला सांगायचं असतं तर त्याने मेसेज केला असता." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मला बरंच वाटलं.

आमचं घर ड्रेस्डेनच्या कडेला, एका रांगेत चिकटून उभ्या असलेल्या घरांपैकी एक. भिंत सामाईक. त्यामुळे ठोके शेजारच्या आजींनाही जात. ऑक्टोबरात त्यांनी टपालपेटीत चिठ्ठी टाकली होती, की सकाळच्या वेळी घरात ठोकाठोकी करू नये. नोव्हेंबरात त्याच पेटीत, त्याच अक्षरात, शोकसंदेशाचं कार्ड आलं. डिसेंबरात पुन्हा चिठ्ठी आली. या वेळी सुरुवातीला 'कृपया' होतं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, आले ते ठरल्यापेक्षा आधी. व्हिसा आधीच मिळालेला होता, तेवढं एक नशीब. कराडहून पुणे, पुण्याहून मुंबई, मग दोन विमानं. ते पोचले तेव्हा दहन व्हायचं होतं, कारण इथे दहनालाही टेर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, मिळावा लागतो. तेरावा दिवस उजाडला तरी आमच्याकडे पहिला दिवस झाला नव्हता. बाबा सोफ्यावर बसून बोटांवर दिवस मोजत आणि मग मोजणं सोडून देत. मी कागद भरत होते. प्रत्येक कागदावर नवऱ्याचं नाव, जन्मगाव आणि आडनावाचं स्पेलिंग. प्रत्येक कचेरीला ते वेगळं हवं होतं.

बाबांनी आयुष्याची पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये काढली. पहिल्याच सकाळी साडेसहाला ठोके सुरू झाले तेव्हा मी चहा घेऊन वर गेले. ते कानटोपी घालून पलंगावर बसले होते, हात रेडिएटरवर, मान तिरकी. एखाद्या डॉक्टरने निदान सांगावं तसं म्हणाले, "वॉटर हॅमर."

"हो, वाचलंय मी त्याबद्दल."

"वाचायचं काय त्यात? लाइनीत पाणी साठलंय. काढून टाकायचं."

"बाबा, ह्यात वाफ नसते. ह्यात पाणीच असतं, सगळीकडे."

"अगं, गरम होतंय म्हणजे वाफ आलीच की."

"साठ अंशावर कुठली वाफ?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू लायब्ररीत काम करतेस ना?"

"हो."

"मग झालं."

त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. वाफेच्या पाइपात थोडं जरी पाणी साचलं, तर मागून येणारी वाफ ते पाणी गोळीसारखं पुढे फेकते आणि ते वळणावर जाऊन आदळतं. पाइप फुटतो. त्यांच्या कारखान्यात एक माणूस असाच भाजला होता आणि त्याला बाहेर काढणाऱ्यांत बाबा होते. म्हणून रोज वाफ सोडायच्या आधी लाइनीतलं पाणी काढायचं, हा नियम त्यांच्या अंगात मुरलेला. आमच्या घरात मात्र तळघरातला गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते आठ रेडिएटरांतून फिरवतो आणि तेच पाणी परत येतं. यातलं पाणी काढणं म्हणजे अंगातलं रक्त काढण्यासारखं. रेडिएटरच्या कोपऱ्यात एक बारीक तोंड असतं, ते हवा सोडण्यासाठी. त्याची पितळी किल्ली तळघरात खिळ्याला टांगलेली होती. दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या स्वेटरच्या खिशात गेली, आणि स्वयंपाकघरातली एक स्टीलची वाटी वर गेली.

रोज सकाळी ठोके सुरू झाले की बाबा वाटी लावून किल्ली फिरवत. आधी फुसफुस, मग थुंकल्यासारखं काळं पाणी. वाटी भरली की किल्ली बंद. ठोके एरवीही दहा-पंधरा मिनिटांत आपोआप थांबत आणि वाटी भरायला तेवढाच वेळ लागे. आपोआप उतरणाऱ्या तापावर वैद्याने पुडी द्यावी तसं झालं. बाबांची खात्री पटली. "बघ, बंद झालं," ते वाटी बेसिनमध्ये उलटी करत म्हणायचे. काळ्या पाण्याचा वास स्वयंपाकघरात उतरायचा.

"पण उद्या पुन्हा होईल, बाबा."

"उद्या पुन्हा काढू. आंघोळ काय एकदाच करतो का आपण?"

तळघरात बॉयलरवर दाबाचं घड्याळ आहे. काटा हिरव्या पट्ट्यात असला की ठीक. तो आता दर दोन दिवसांनी लाल पट्ट्यात उतरू लागला. मग मी ऑफिसला जाण्याआधी, बूट घालून, तळघरात जाऊन नळाची रबरी नळी जोडायची आणि पाणी भरायची. वर बाबा पाणी काढत होते आणि खाली मी पाणी भरत होते. मी ते बंद करायला सांगितलं नाही असं नाही. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बरं, काही हरकत नाही," आणि दुसऱ्या दिवशी दार लावून घेऊन वाटी भरली.

डिसेंबराच्या मध्यात जेवताना त्यांनी घराचा विषय काढला.

"घर विकून टाक. कराडला चल."

"बाबा, माझी नोकरी आहे."

"तिकडे कॉलेजं आहेत, लायब्रऱ्या आहेत. इथे तू एकटी, बाहेर बर्फ, आणि घर आतून ठोके देतंय. उद्या काही फुटलं तर कुणाला हाक मारशील? त्या चिठ्ठीवालीला?"

मी पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

"मी फेब्रुवारीपर्यंत आहे," ते म्हणाले. "तोवर हे हीटिंग तुझ्या हातून नीट चाललं, तर राहा. नाही चाललं, तर मी तुला इथे सोडून जाणार नाही. एकाला विमानतळावर सोडून आलो होतो."

त्यांचा मुलगा इथे आला तेव्हा मुंबईच्या विमानतळावर त्यांनीच त्याची बॅग ट्रॉलीवर ठेवली होती. पण मला घर हवं होतं, आणि त्याचं कारण फार उदात्त नव्हतं. कराडला मी उठल्यापासून झोपेपर्यंत कुणाची तरी विधवा सून असणार होते. येणारा-जाणारा माझ्याकडे बघून आवाज खाली आणणार होता. इथे निदान सव्वाआठ ते साडेचार मी पुस्तकांच्या नोंदी करणारी एक बाई होते, आणि संध्याकाळी दार लावून घेतलं की कुणी मला माझ्याबद्दल काही विचारत नव्हतं. मला गप्प बसायला जागा हवी होती. ती जागा टिकवायला एक रेडिएटर गप्प बसवायचा होता.

हीटिंगच्या फर्मला फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "घर गरम होतं का?"

"होतं."

"मग तो नोटफाल नाही, तातडीचं काम नाही."

"पण आवाज येतो. खूप येतो."

"आवाजाने कुणी गोठत नाही. तर, फेब्रुवारीच्या शेवटी एक टेर्मिन आहे."

तोवर बाबांचा व्हिसा संपत होता. मी तो टेर्मिन घेतला आणि फोन ठेवला.

मग मला जे येतं ते मी केलं. कामाच्या ठिकाणाहून हीटिंगवरचं एक जाड पुस्तक आणलं, लायब्ररीच्या पोटमाळ्यावर पडलेलं, शिकाऊ मेस्त्र्यांसाठीचं, पानं तेलकट. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या संध्याकाळी अर्ध्या पानात ठोक्यांचं कारण सापडलं. रेडिएटरला दोन पाइप असतात, एकातून गरम पाणी आत येतं आणि दुसऱ्यातून निवलेलं बाहेर जातं. तापमान राखणारा व्हॉल्व आत येणाऱ्या पाइपावर बसवायचा. पाणी कुठल्या दिशेने जायला हवं याचा बाण त्याच्या अंगावर असतो. तो चुकून बाहेर जाणाऱ्या पाइपावर बसला, तर पाणी बाणाच्या उलट वाहतं, आणि खोली तापून व्हॉल्व मिटत आला की ठोके सुरू होतात. वाऱ्याच्या दिशेने दार लावताना होतं तसंच ते. दार कितीही हळू लोटत आणा, शेवटच्या चार बोटांवर वारा ते हातातून हिसकावून धाडकन आपटतो. इथे दार पुन्हा उघडतं आणि पुन्हा आपटतं, एवढाच फरक.

रविवारी बाबा आंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. तासभर आधी हीटिंग बंद करून ठेवलं होतं, ते आता चालू केलं. खाली बसून एक तळहात एका पाइपावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर. व्हॉल्व असलेला पाइप गार राहिला. व्हॉल्व नसलेला आधी तापला.

बाबा आंघोळ करून बाहेर आले. "काय बघतेस?"

"धूळ."

"धूळ पुसायला फडकं लागतं."

मी फडकं आणायला खाली गेले.

मी त्यांना सांगायला हवं होतं. त्या दिवशी, त्या क्षणी. पण ते रोज कराडला कुणा ना कुणाला फोन करून सांगत, "माझ्यासाठी मोठा हीटर बसवून ठेवलाय पोराने. स्वतःच्या हातांनी. मला थंडी वाजू नये म्हणून." सकाळी त्या रेडिएटरवर त्यांचे पायमोजे वाळत असत. अख्ख्या घरात त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठी केलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती उलटी बसवलेली होती. हे मी कोणत्या तोंडाने सांगू? सांगितलं नाही, तर हीटिंग माझ्या हातून चालत नाही हे सिद्ध होत होतं.

मी पळवाट काढली. व्हॉल्ववरची आकड्यांची चकती पाचावर, सगळ्यात गरमवर, नेऊन ठेवली, म्हणजे तो मिटायलाच जाणार नाही. ठोके बंद झाले. खोलीचा तवा झाला. संध्याकाळी बाबांनी चकती परत तीनावर आणली. "पाचावर कोण ठेवतं? गॅस काय आपल्या घरचा आहे?" मी पुन्हा पाचावर नेली, त्यांनी पुन्हा तीनावर आणली. दोन आठवडे आम्ही एकमेकांशी न बोलता ती चकती फिरवत होतो. या काळात मला नवऱ्याचा राग येत होता, अगदी साधा, संसारातला राग. बाण एवढा ठळक असतो. तो वाचला असतास तर काय बिघडलं असतं? ज्या माणसाचा राग आला आहे त्याच्यावर चिडायची सोय उरलेली नाही, ही गोष्ट मला दर सकाळी साडेसहाला नव्याने कळायची.

जानेवारीत बाहेर उणे अकरा झालं त्या दिवशी मी पाच वाजता घरी आले. बाबा स्वयंपाकघरात होते. स्वेटर, त्यावर शाल, त्यावर माझ्या नवऱ्याचं जाकीट, कानटोपी. चहाचं आधण वाफा सोडत होतं.

"बंद पडलं," ते म्हणाले.

"बाबा, किती पाणी काढलंत?"

"वाटी-वाटीने काही होत नव्हतं. म्हटलं आज सगळी लाइनच साफ करू."

"किती?"

"आठही काढले. एक बादली झाली. जरा जास्त."

मी कोट न काढता तळघरात गेले. काटा शून्यावर. पाणी भरलं, तर पाइपांत नुसती गुडगुड. बॉयलर सुरू व्हायचा, खोकायचा आणि लाल दिवा लावून बसायचा. मी वर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडले. "आता खुश? आता वाटी नको, पातेलं घ्या!"

ते चहा गाळत होते. म्हणाले, "साखर किती?"

मी फर्मला फोन केला. घर गरम होत नव्हतं. आता तो नोटफाल होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मेस्त्री दारात उभा राहिला. मी फोनवर सांगून जे झालं नाही, ते बाबांनी एका बादलीत केलं.

मेस्त्री साठीचा, मूळ इथलाच. हो म्हणायला 'नू' म्हणणारा. तासाभरात त्याने सगळं पाणी भरलं, हवा काढली, बॉयलर सुरू केला. मग विचारलं, "आणखी काही?" मी म्हटलं, "वर एक रेडिएटर वाजतो." बाबा खोलीतच होते. मेस्त्रीने दोन पाइपांना हात लावला, चकती फिरवून काढली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"हे कुणी बसवलं?"

"माझ्या नवऱ्याने."

"मग संध्याकाळी त्यांना सांगा, बाण वाचायचा असतो."

"ते नोव्हेंबरात वारले."

तो पुन्हा व्हॉल्वकडे वळला. मग जोडांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "बाकी काम स्वच्छ आहे. एक थेंब गळत नाही. नू, चांगलं काम."

"काय म्हणतो?" बाबांनी विचारलं.

"हवा होती म्हणतो."

बाबांनी चष्मा लावला, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले. चकती निघाल्यामुळे पितळी अंग उघडं पडलं होतं. पस्तीस वर्षं त्यांनी व्हॉल्व उघडले-मिटले होते. हे कळायला त्यांना जर्मन येण्याची गरज नव्हती. त्यांनी एका पाइपाला हात लावला, मग दुसऱ्याला.

"हवा काय म्हणतेस? बाण उलटा आहे."

मी काढून ठेवलेली चकती उचलली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन आठवडे. जरा जास्तच."

"आणि मी रोज वाटी घेऊन बसत होतो, येड्यासारखा?"

"मी सांगत होते, पाणी काढू नका म्हणून."

"पाणी काढू नका हे सांगितलंस. हे नाही सांगितलंस." त्यांनी बाणावर बोट ठेवलं. "का?"

"त्याने तुमच्यासाठी बसवला होता."

"मग? माझ्यासाठी बसवला म्हणून सरळ झाला का तो?" त्यांचा आवाज चढला. मेस्त्री खिडकीबाहेर बघू लागला. "समोर असता तर कानफटात दिली असती. लहानपणी सायकलची चेनसुद्धा उलटी घालायचा. त्याच्या चुका मी पाठ केल्यात. तू कोण मला त्यापासून वाचवणारी?"

मग ते पलंगावर बसले, चष्मा काढला आणि शालीच्या टोकाने चेहरा पुसला. दहनाच्या दिवशी ते रडले नव्हते. मेस्त्रीने मला हळूच विचारलं, की वडिलांना पाणी हवंय का. मी म्हटलं, "नको, बसू द्या."

गाडीत त्याच्याकडे एक व्हॉल्व होता, पाणी कुठूनही आलं तरी चालणारा. तो बदलायला अर्धा तास लागला. बाबांनी उठून पाइपाखाली परात धरली, आणि जोड घट्ट करताना मेस्त्रीचा पाना जरा घसरला तेव्हा कराडच्या मराठीत त्याला दोन शब्द सुनावले. त्याने "नू, नू" म्हणून पुन्हा आवळलं. मग खोली तापेपर्यंत तिघेही थांबलो. मेस्त्रीने चकती हळूहळू मिटत आणली. आवाज आला नाही. त्याने परत उघडली, परत मिटवली. बाबांनी कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

मेस्त्री गेल्यावर मी जिन्यातच म्हटलं, "बाबा, मी कराडला येणार नाही." असं काही म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. एक खरं बोलून झालं होतं, त्याच्या मागून दुसरं आलं. "हीटिंग चाललं म्हणून नाही. बंद पडलं असतं तरी आले नसते."

ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. "ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ते म्हणाले. "त्याला काय पाइपाला हात लावून बघावं लागतं?"

"मग अट कशाला घातलीत?"

"मला कुणालातरी घेऊन जायचं होतं घरी," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कुकर लावला.

फेब्रुवारीत मी त्यांना बर्लिनच्या विमानतळावर सोडलं. बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही. हीटिंगच्या फर्मचा जुना टेर्मिन मी रद्द करायला विसरले, त्याबद्दल त्यांचं खरमरीत पत्र आलं, आणि मी त्यांना तेवढंच खरमरीत उत्तर लिहिलं.

बाबा कराडला आहेत. त्यांना माझ्याकडे परत यायचं नाही आणि मला तिकडे जायचं नाही. दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो, कधी भांडतो. मी या घरात एकटी राहते.